सुलटं दाखवणारं भिंग

माझ्याकडे चौदा भिंगं होती आणि कॅमेरा एकच. हे प्रमाण बरोबर नाही असं माझ्या बायकोचं मत होतं. ते तिनं सहाव्या भिंगाच्या वेळी एकदा सांगितलं, पुन्हा सांगितलं नाही. त्यानंतर ती फक्त मोजायची. टपालवाला पार्सल घेऊन आला की ओटीवर येऊन विचारायची, "नववं का?" आणि मी हो म्हटलं की आत निघून जायची. भांडणाऱ्या बायकोला माणूस निदान उत्तर तरी देऊ शकतो.

मी काही धंद्यानं फोटोग्राफर नव्हतो. श्रीवर्धनच्या वरच्या अंगाला, समुद्राला लागून आमची सुपारीची वाडी होती. ती आजोबांनी लावली, वडिलांनी राखली आणि माझ्या वाट्याला तिच्या सावलीत बसणं आलं. तेवीस-चोवीस सालाच्या सुमारास मुंबईला गेलो असताना एका साहेबाच्या सामानाच्या लिलावात मला लाकडी कॅमेरा मिळाला. त्याला एक भिंग होतं. दुसरं मी लांबचं जवळ दिसावं म्हणून घेतलं. तिसरं, जवळचं सगळं एका काचेत मावावं म्हणून. चौथं घेताना काहीतरी कारण होतं, ते आता आठवत नाही. पाचव्यापासून पुढे कारण लागत नाही, असा माझा अनुभव आहे.

आमच्या हवेत भिंगं सांभाळणं हे एक कामच असतं. पावसाळ्यात काचेवर बुरशी धरते, आणि एकदा धरली की ती काच खाते. त्यावर मी एक उपाय काढला होता. तांदूळ चुलीवर कोरडे भाजायचे, गार झाले की पत्र्याच्या डब्यात भरायचे आणि फडक्यात गुंडाळलेली भिंगं त्या तांदळात पुरून ठेवायची. तांदूळ ओल पितात, म्हणून दर आठवड्याला पुन्हा भाजावे लागतात. उपाय माझा होता, भाजणं बायकोचं होतं. गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं. सुपारी न्यायला येणारा व्यापारीसुद्धा भर पावसात पहिल्यांदा भिंगांची प्रकृती विचारायचा, मग माझी.

मी सांगतोय ती गोष्ट एकतीस किंवा बत्तीस सालची. आषाढ सरत आला होता. आमच्या कोळीवाड्यातल्या एका तांडेलानं नवी होडी बांधली होती. तांडेल म्हणजे होडीचा मुख्य, ज्याच्या शब्दावर खलाशी चालतात. त्याच्या घरची आधीची होडी तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आसपास वाऱ्यात पालथी झाली. तिच्यावरचे खलाशी दुसऱ्या होडीनं उचलले, पण तिचा तांडेल, म्हणजे या माणसाचा थोरला भाऊ, सापडला नाही. तेव्हापासून धाकटा परक्यांच्या होड्यांवर राबत होता. आता कुठे त्याची स्वतःची होडी वाळूवर उभी राहिली होती. नारळी पौर्णिमेला ती पाण्यात जायची होती, आणि जाण्याआधी तिचा फोटो हवा, असं तो मला घरी येऊन सांगून गेला.

पावसानं जरा उघडीप दिली त्या दिवशी मी कॅमेरा घेऊन गेलो. होडीवरची झावळ्यांची झापं काढली होती. नवा रंग, नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, झेंडूचा हार, सगळं कसं यथासांग. मी कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावर चढवला, काळं फडकं डोक्यावर घेतलं आणि मागच्या घासलेल्या काचेवर होडी आणली.

आता या काचेबद्दल सांगायला हवं. कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर सगळं उलटं दिसतं. माणसं डोक्यावर उभी, आभाळ खाली, माडाची मुळं वर. वर्षानुवर्षं बघून मला त्यात काही वाटेनासं झालं होतं. आणि मला एक खोड होती. नवख्या माणसाला फडक्याखाली बोलावून आत दाखवायची. लग्नघरी यावर फार हसायचे लोक, आणि ते हसू जणू मीच निर्माण केलं अशा थाटात मी बाजूला उभा राहायचो. एरवी मी आधी बजावून ठेवत असे, की उलटं दिसेल, घाबरायचं नाही. त्या दिवशी आभाळ पुन्हा भरत होतं, मी घाईत होतो आणि सांगायचं राहिलं. तांडेलाची म्हातारी आई जवळच उभी होती. मी म्हटलं, ये, लेकाची होडी बघ कशी दिसते.

म्हातारी फडक्याखाली गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा तिनं पदर नीट केला आणि हळूच म्हणाली, "पालथी हाय."

मी हसलो. हे मी लपवून ठेवू शकलो असतो, पण हसलो हे खरं आहे. मग समजावून सांगितलं, की हा काचेचा गुण आहे, यात होडीचा काही दोष नाही. तांडेलाला पुढे उभं करून तोही उलटा दाखवला. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"सगल्याच होऱ्या अशा दिसतान?" तिनं विचारलं.

"सगळ्याच," मी म्हटलं.

"थोरल्याच्या होरीचा फोटू तूच कारला. तवा पन अशीच दिसली?"

"हो."

"आन तू सांगला न्हाय."

थोरल्याची होडी मी चांगली उलटी बघितली होती, तो स्वतः सुकाणूशी उभा होता, आणि मी फक्त त्याच्या डोक्यावरची टोपी काचेत मावते की नाही एवढं बघितलं होतं. मला राग आला. राग आला की आपलं चुकलंय हे मला कळतं, आणि ते कळल्यानं आणखी राग येतो. मी फोटो न काढताच सामान आवरलं आणि पाऊस यायच्या आत घरी आलो.

म्हातारीनं त्याच संध्याकाळी सांगून टाकलं, की होडी त्या काचेत सरळ दिसल्याशिवाय पाण्यात जायची नाही. घातली तर आपण अन्नाला शिवणार नाही, असंही म्हणाली. आणि ती जाऊन होडीला टेकून वाळूवर बसली. कोळीवाड्यात तिला समजावणारे पुष्कळ होते, पण ज्यांचा मुलगा पालथ्या होडीनं नेला नव्हता तेच जास्त बोलत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तांडेल आमच्या ओटीवर आला. त्यानं मला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. त्यानं एवढंच सांगितलं, की सहा खलाशी त्याच्या शब्दावर थांबलेत. पौर्णिमेला होडी गेली नाही तर ते दुसऱ्या तांडेलांकडे जातील, आणि एकदा गेले की हंगामभर परत मिळायचे नाहीत. नवी होडी वाळूवर आणि तो पुन्हा परक्याच्या होडीवर. आईला उपाशी ठेवून तो जाणार नव्हता, हे त्यानं सांगितलं नाही आणि सांगायची गरजही नव्हती. मग त्यानं विचारलं, "सुलटं दाखवनारा भिंग आसतो का कुठं?"

इथे मला माझ्याबद्दल एक वाईट गोष्ट सांगायची आहे. त्या वेळी झोपाळ्यावर माझ्या मांडीखाली मुंबईच्या एका भिंगवाल्याचं पत्र होतं. त्याच्याकडे एक मोठं जर्मन बनावटीचं भिंग आलं होतं, पितळी घराचं, नारळाएवढं. तसलं भिंग आमच्या सबंध किनाऱ्यावर कोणाकडे नव्हतं. आठ दिवस मी ते पत्र वाचत होतो आणि बायकोपुढे 'पंधरावं' हा शब्द कसा उच्चारावा याचा विचार करत होतो. तांडेलानं विचारलं, आणि मी पापणी न हलवता म्हणालो, "असतं. मुंबईला आहे. मागवतो."

असं भिंग नसतं. मला हे चौदा वेळा दिसलं होतं. कुठलंही भिंग लावा, लहान, मोठं, जर्मन, इंग्रजी, काचेवर यायचं ते उलटंच. पण तांडेल माझ्याकडे अशा विश्वासानं बघत होता, आणि पत्र मांडीखाली असं टोचत होतं, की दोन्ही गोष्टी एकच आहेत असं मला वाटायला लागलं. दुसऱ्याच्या भल्यासाठी आपली हौस पुरवायला मिळणं, याच्याइतकं सुख नाही. तांडेल समाधानानं गेला. पावसाळ्यात आगबोट बंद, पार्सल माणगावावरून जमिनीनं येणार. दुसऱ्या दिवशी सकाळी टपालवाला बोर्ली पंचतनला जायचा, त्याच्या पिशवीत पत्र पडलं तर भिंग पौर्णिमेच्या आत कसंबसं पोचलं असतं.

मी स्वयंपाकघरात गेलो. बायको भाकरी थापत होती. मी उदार आवाजात सगळी हकीकत सांगितली: बिचारी म्हातारी, बिचारा तांडेल, आणि मुंबईचं भिंग. आकडा सांगितला नाही.

"पंधरावं," ती म्हणाली.

मी म्हटलं, हे माझ्यासाठी नाहीच आहे.

"ते सुलटं दाखवतं असं लिहिलंय त्यानं?"

मी म्हटलं, लिहिलेलं नाही, पण इतक्या भारी भिंगाचं सांगता येत नाही.

"चौदा काय दाखवतात?"

"उलटं."

"मग पंधरावं शहाणं कसं निघालं?"

मी म्हटलं, तुला यातलं काही कळत नाही. हे वाक्य मी सहाव्या भिंगापासून राखून ठेवलं होतं आणि ते मी अगदी चुकीच्या दिवशी वापरलं. तिनं तव्यावर भाकरी टाकली, तिच्यावर पाण्याचा हात फिरवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तिचा एक मुलगा गेलाय, दुसरा पोटासाठी लोकांच्या दारात जाईल. आणि तुम्ही त्यांच्या नावावर भिंग आणताय. मला लाज वाटते तुमची."

लग्नाला अकरा वर्षं झाली होती, असं ती कधी बोलली नव्हती. मी तिथेच पाटावर बसलो. उठून जायला हवं होतं, पण भूक लागली होती. माणूस लाजेनं मरत असला तरी भूक लागायची थांबत नाही.

ती भाकरी उलटत होती. वरची बाजू खाली गेली, मग थोड्या वेळानं तिनं पुन्हा उलटली आणि पहिली बाजू वर आली. ती उलथनं हातात घेऊन तशीच बघत राहिली.

"एकदा उलटली की पालथी," ती म्हणाली. "दोनदा उलटली की होती तशी. तुमच्या एका भिंगापुढे दुसरं लावलं तर?"

मी म्हटलं, उजेड म्हणजे भाकरी नव्हे. आणि जेवलो.

जेवल्यावर मी डबा उघडला, तांदळातून दोन भिंगं काढली आणि माजघराच्या खिडकीशी गेलो. समोरच्या भिंतीवर एका भिंगानं अंगणातला माड पाडला, अर्थात उलटा. मग दुसरं त्याच्या मागे धरलं, पुढे केलं, मागे केलं. बराच वेळ भिंतीवर नुसता धुरकट पुसट उजेड होता. मग एकदम माड उभा राहिला. शेंडा वर, बुंधा खाली, बाहेर होता तसाच. अंधुक होता, वाटोळ्या थाळीएवढाच दिसत होता, पण उभा होता. मला आनंद व्हायला हवा होता. चौदा भिंगं, आठ-नऊ वर्षांचा अभ्यास, आणि हे भाकरीवरून कळावं, याचा मला संताप आला. बायको दारात येऊन भिंतीकडे बघून गेली. तेही लागलं.

सकाळी टपालवाला ओटीशी आला. भिंगवाल्याला 'पाठवा' असं लिहिलेलं पत्र माझ्या खिशात होतं. ते मी आदल्या दिवशीच लिहून ठेवलं होतं, तांडेल वळणावर दिसेनासा होण्याआधी. मी टपालवाल्याला म्हटलं, आज काही नाही. ते नारळाएवढं भिंग नंतर दुसऱ्या कोणीतरी घेतलं. कोणी घेतलं ते मला ठाऊक नाही, पण त्या माणसाबद्दल माझं मत अजून चांगलं नाही.

मग मी तांडेलाकडे गेलो आणि खरं सांगितलं, की मुंबईहून काही येत नाही, तसलं भिंगच नसतं, काल मी खोटं बोललो. घरातलीच दोन भिंगं जोडून बघतो. त्यानं होडी बांधणाऱ्या सुतारालाच हाक मारली आणि सांगितलं, याला पायजे ती पेटी करून दे. सुतारानं रॉकेलचे दोन डबे जोडून दिले. आतून काजळी फासली, एका तोंडाला एक भिंग, दुसरं तोंड कॅमेऱ्याला. हे धूड तिकाटण्यावर तोलेना, तेव्हा खाली माशाची टोपली पालथी घातली. त्या टोपलीचा वास माझ्या कॅमेऱ्याला पुढे कायमचा राहिला.

एकच अडचण होती. दोन भिंगांतून जाता जाता उजेड थकतो, तेव्हा लख्ख ऊन असल्याशिवाय काचेवर काही दिसायचं नाही. श्रावण लागला होता. रोज जाऊन मी पेटी मांडायचो, म्हातारी होडीला टेकून माझ्याकडे बघायची आणि आभाळ मिटलेलंच असायचं. असे दहा दिवस गेले. पौर्णिमा उजाडली तीही ढगाळच. भरती दुपारी बाराच्या सुमाराला होती. बाकीच्या होड्या सजून पाण्याशी गेल्या होत्या. सहा खलाशी नव्या होडीपाशी उभे होते, पण त्यांचे चेहरे दुसऱ्या होड्यांकडे वळलेले होते.

अकराच्या सुमाराला ऊन आलं. श्रावणातलं ऊन, थांबेल किती याचा भरवसा नाही. मी घाईघाईनं फडक्यात शिरलो, पेटी पुढे-मागे केली आणि होडी पकडली. मधलाच भाग दिसत होता, थोडी नाळ, थोडी डोलकाठी, झेंडूचा हार. पण हार खाली लोंबत होता, जसा लोंबायला हवा तसा. मी म्हातारीला बोलावलं. या वेळी काही बजावलं नाही. ती आत गेली आणि मी बाहेर उभा राहून आभाळाकडे बघत राहिलो. देवाला मी सहसा त्रास देत नाही. त्या दिवशी दिला.

ती बाहेर आली. डोळ्यांना पाणी होतं, पण ते एकटक बघितल्यानंही येतं. तांडेलाला तिनं मान हलवून खूण केली. खलाशी लगेच होडीला भिडले.

मग ती माझ्याकडे वळली. "एकाच्या मागं दुसरा लावलास?"

मी म्हटलं, हो.

"ह्यो दुसरा, थोरल्याच्या टायमाला तुज्याकरं व्हता?"

मला नाही म्हणता आलं असतं. तिला तपासता आलं नसतं, आणि काचेचा आणि समुद्राचा काही संबंध नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, आजही आहे.

"होता," मी म्हटलं. "घरात होता. तांदळात."

तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर मी उभ्या उभ्या ऐकून घेतल्या असत्या. ती फक्त म्हणाली, "आता ह्यो दुसरा कारू नको. होरी येईपावत."

होडी भरतीच्या पाण्यावर उचलली गेली. बायकांनी नारळ सोडले, वाजंत्री वाजली, शीड भरलं आणि बाकीच्या होड्यांच्या मागून ती खाडीच्या तोंडाबाहेर गेली. माणसं घरोघर जेवायला पांगली. मी टोपलीजवळ वाळूवर बसलो. म्हातारी माझ्यापासून हातभर अंतरावर बसली. कॅमेऱ्याच्या काचेवर आता फक्त ओली वाळू होती, तीही सुलटी.

मध्ये पाऊस आला. मी छत्री पेटीवर धरली. पाणी अंगावर पडलं तर सर्दी होईल, पेटीवर पडलं तर काय होईल हे मला सांगता आलं नसतं, पण छत्री मी पेटीवरच धरली. बायको पानात गुंडाळलेला नारळीभात घेऊन आली. तिनं मला भिजलेलं बघितलं, म्हातारीला बघितलं, भात दोघांच्या मध्ये ठेवला आणि स्वतःही तिथेच बसली. म्हातारीनं बऱ्याच दिवसांनी नीट चार घास खाल्ले. समोरचा समुद्र मला जन्मापासून ओळखीचा होता. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्याची भीती वाटली, आणि ही बाई तीन वर्षं रोज याच्यासमोर बसते हे माझ्या लक्षात आलं.

उन्हं कलायला आली तेव्हा बाहेर शिडं दिसायला लागली. मला ती सगळी सारखीच होती. म्हातारी उठून उभी राहिली, डोळ्यांवर हात धरला आणि एका शिडावर नजर ठेवून राहिली. ते शीड खाडीच्या तोंडाशी आलं, आत वळलं, मग मलाही झेंडूचा हार दिसला. सातही माणसं मोजता येत होती. मी दोनदा मोजली.

"आली," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "कार आता."

माझा हात पेटीवर होता. मी तो काढला नाही.

"नांगर पडू दे," मी म्हटलं.